गोलरक्षकाला कोणी शिकवले?

१/
१६ जुलै १९५०. रिओ दि जानेरो येथील माराकाना मैदान. विश्वचषकाच्या अंतिम गटातील शेवटच्या सामन्यात विजेतेपदासाठी ब्राझीलला उरुग्वेविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. ७९व्या मिनिटाला, १-१ अशी स्थिती असताना, उरुग्वेचा अल्सिदेस गिजिया उजव्या बगलेने चेंडू घेऊन आत शिरला. ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा किंचित पुढे, मध्याच्या बाजूस सरकला. गिजियाने चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून जाळ्यात धाडला. उरुग्वे २-१ असा जिंकला.

२/
बार्बोसा तेव्हा २९ वर्षांचा होता आणि देशातील सर्वोत्तम गोलरक्षकांत त्याची गणना होत असे. पुढील ५० वर्षे, २००० मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्या एका गोलाचा दोष त्याच्याच माथी राहिला. देशाने त्याला जाब विचारला; परंतु त्याला शिकवले कोणी, हा प्रश्न फारसा विचारला गेला नाही. तो विचारला असता, तर उत्तर एकट्या बार्बोसापुरते नसते. फुटबॉलने गोलरक्षकाला प्रथम जबाबदारी दिली आणि शिक्षण देण्यास त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे लावली. ही त्या विलंबाची कथा आहे.

३/
१८६३ मध्ये लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने खेळाचे पहिले नियम तयार केले. त्यांत गोलरक्षकाचा उल्लेखच नाही. १८७१ मध्ये तो नियमपुस्तकात अवतरला: आपल्या गोलच्या रक्षणासाठी हात वापरण्याची मुभा असलेला एकमेव खेळाडू. म्हणजे हे स्थान नियमाने जन्माला घातले, आणि पुढेही प्रत्येक नव्या नियमाने त्याचे काम बदलत नेले. आज जे कौशल्य ठरे, ते उद्या अपुरे पडे. आणि हा बदल समजावून सांगणारा कोणीही गुरू नव्हता.

४/
पहिला मोठा बदल एका हौशी गोलरक्षकानेच घडवला. आयर्लंडमधील आर्मा परगण्यातील मिलफर्ड या गिरणीच्या गावी विल्यम मॅक्रम हा गिरणीमालकाचा पुत्र मिलफर्ड एव्हर्टन संघाकडून गोल राखत असे. १८९०-९१ च्या पहिल्या आयरिश लीगमध्ये हा संघ १४ पैकी १४ सामने हरला आणि त्याच्यावर ६२ गोल झाले. गोलजवळ जाणीवपूर्वक होणाऱ्या आडदांडपणाला शिक्षा हवी, म्हणून मॅक्रमने पेनल्टी किकची कल्पना मांडली. २ जून १८९१ रोजी ती नियमात आली. आपल्याच जमातीवर त्याने सर्वांत कठीण परीक्षा लादली होती.

५/
दुसरा बदल वेल्सच्या लेह रिचमंड रूझ या हौशी गोलरक्षकाशी जोडला जातो. त्या काळी गोलरक्षकाला स्वतःच्या संपूर्ण अर्ध्या भागात चेंडू हाताळता येई. रूझ चेंडू जमिनीवर आपटत थेट मध्यरेषेपर्यंत धावे आणि तेथून आक्रमण सुरू करून देई. १९१२ मध्ये हात वापरण्याची मुभा केवळ पेनल्टी क्षेत्रापुरती उरली. रूझ १९१६ मध्ये सोमच्या रणभूमीवर मारला गेला. गोलरक्षक हा आक्रमणाचा पहिला दुवा असू शकतो, हा त्याचा विचार मात्र अनेक दशके झाकोळून गेला.

६/
या काळात गोलरक्षकाचा सराव म्हणजे काय असे? इतरांबरोबर धावणे, आणि मग आघाडीपटूंच्या फटक्यांसमोर उभे राहणे. तो सराव वस्तुतः फटका मारणाऱ्याचा होता. गोलरक्षक केवळ लक्ष्य होता. उडी कशी घ्यावी, कोसळावे कसे, धावत येणाऱ्याच्या पायांत झेपावताना डोके कसे वाचवावे, हे ज्याने त्याने अनुभवाने शिकावे. या अनुभवाची किंमत भयंकर असू शकत होती. ५ सप्टेंबर १९३१ रोजी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर सेल्टिकचा जॉन थॉमसन प्रतिस्पर्ध्याच्या पायांत झेपावला. डोक्याला गुडघा लागून त्याच रात्री त्याचा मृत्यू झाला. तो २२ वर्षांचा होता.

७/
कलाटणी युद्धोत्तर काळात आली. सोव्हिएत क्रीडाशास्त्रज्ञ लेव्ह मात्वेयेव्ह यांनी १९६०च्या दशकात वर्षभराच्या सरावाची मांडणी तयारी, स्पर्धा आणि विश्रांती अशा टप्प्यांत केली. शरीर एकसारखे ताणून चालत नाही. भार केव्हा वाढवायचा आणि केव्हा उतरवायचा, यालाही शास्त्र आहे, हा विचार त्यातून रुजला. ब्राझीलमध्ये लष्कराच्या शारीरिक शिक्षण विद्यालयातील राउल कार्लेसो हे गोलरक्षकांना स्वतंत्रपणे प्रशिक्षण देणाऱ्या पहिल्या पिढीचे शिक्षक ठरले. बार्बोसाच्या देशात, बार्बोसाच्या नंतर, गोलरक्षकाला प्रथमच स्वतःचा गुरू लाभला.

८/
ब्रिटनमध्ये हे काम दोन माजी गोलरक्षकांनी केले. बॉब विल्सन हे पेशाने शाळाशिक्षक. ते हौशी खेळाडू म्हणून आर्सेनलमध्ये आले आणि १९७१ मध्ये लीग व एफए कप अशी दोन्ही अजिंक्यपदे जिंकणाऱ्या संघाचे गोलरक्षक झाले. १९७४ मध्ये निवृत्त झाल्यावर त्यांनी दीर्घकाळ आर्सेनलचे गोलरक्षक घडवले. डेव्हिड सीमन त्यांपैकीच एक. दुसरे ॲलन हॉजकिन्सन. ते निरनिराळ्या क्लबांत जाऊन केवळ गोलरक्षकांना शिकवत. शिक्षकी पेशातील पद्धत, म्हणजे सोप्याकडून कठीणाकडे जाणे, आता गोलच्या खांबांमध्ये आली.

९/
या नव्या शिक्षणाचा पाया एका साध्या हिशेबात होता. ताशी १०० किलोमीटर वेगाचा चेंडू ११ मीटर अंतर साधारण ०.४ सेकंदात कापतो. त्यातील जवळपास निम्मा वेळ डोळ्यांनी पाहून शरीर हलण्यातच जातो. अर्थात ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल केवळ चपळाईने राखता येत नाही. फटक्यापूर्वी कोठे उभे राहायचे, पुढे किती सरकून कोन किती अरुंद करायचा, फटक्याच्या क्षणी दोन्ही पाय स्थिर कसे ठेवायचे, हे आधी शिकावे लागते. प्रेक्षकांना झेप दिसते. प्रशिक्षक झेपेपूर्वीची दोन पावले पाहतो.

१०/
हौशी आणि कुमार संघांत हेच शिक्षण हंगामभर पसरले. तेथे आठवड्यातून जेमतेम दोन संध्याकाळी मिळतात, म्हणून क्रमाला महत्त्व आले. हंगामापूर्वी उभे राहण्याची ठेवण, चेंडू पकडणे आणि कोसळणे: प्रथम बसून, मग गुडघ्यांवरून, मग उकिडवे, शेवटी उभ्याने. मग कोन आणि समोरासमोरची झुंज. त्यानंतर क्रॉस आणि बचावपटूंना हाक देणे. हंगामाच्या मध्यावर अंग ठणकू लागते, तेव्हा झेपांची संख्या घटवायची आणि झालेल्या गोलांची उजळणी वाढवायची. सामन्याच्या आदल्या सरावात नवे काही शिकवायचे नाही. मुलाने आत्मविश्वासाने चेंडू पकडून घरी जावे, एवढेच पाहायचे.

११/
१९९२ मध्ये नियमाने पुन्हा अभ्यासक्रम बदलला. सहकाऱ्याने जाणूनबुजून पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यास बंदी आली. एका रात्रीत जगभरच्या गोलरक्षकांना पाय वापरणे भाग पडले. नेदरलँड्समध्ये फ्रान्स हूक यांनी १९८५ पासून आयॅक्सच्या गोलरक्षकांना हेच शिकवले होते. १९९० मध्ये नोर्डवाइकच्या हौशी संघातून त्यांच्याकडे एक उंच तरुण आला: एडविन व्हॅन डर सार. १९९५ मध्ये आयॅक्स युरोपचा विजेता ठरला, तेव्हा गोलमध्ये तोच होता. रूझचा झाकोळलेला विचार पुन्हा उजेडात आला होता.

१२/
शिक्षण मुलांपर्यंत पोहोचले, तेव्हा आणखी एक अन्याय ध्यानी आला. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला प्रौढांच्या गोलमध्ये उभे केले, तर डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला तो काय करणार? कितीही अचूक उभा राहिला तरी गोल होणारच, आणि दोष त्याचाच मानला जाणार. २०१२ मध्ये इंग्लंडमध्ये कुमार फुटबॉलच्या पुनर्रचनेला मंजुरी मिळाली. त्यानुसार सात-सात खेळाडूंच्या सामन्यांसाठी सुमारे ३.६६ बाय १.८३ मीटर, आणि नऊ-नऊच्या सामन्यांसाठी सुमारे ४.८८ बाय २.१३ मीटर गोल ठरले. परीक्षा विद्यार्थ्याच्या उंचीची झाली.

१३/
आता पुन्हा माराकाना. १९५०च्या त्याच सामन्यात, ६६व्या मिनिटाला, गिजिया याच बाजूने आला होता. तेव्हा त्याने चेंडू आत दिला आणि शियाफिनोने गोल केला. तेरा मिनिटांनी तो पुन्हा आला, तेव्हा बार्बोसाने दुसऱ्या क्रॉसची अपेक्षा केली. तो गाफील नव्हता. त्याने नुकत्याच घडलेल्या घटनेवरून अनुमान काढले होते आणि ते चुकले. आजच्या कुमार प्रशिक्षकाच्या वहीत ही एका ओळीची नोंद झाली असती: जवळचा खांब आधी. पुढच्या मंगळवारी त्यावर वीस मिनिटांचा सराव झाला असता.

१४/
ब्राझीलमध्ये दरवर्षी २६ एप्रिलला गोलरक्षक दिन पाळला जातो. ही तारीख प्रख्यात गोलरक्षक मांगा याच्या जन्मदिवसाची, आणि कल्पना लष्करी विद्यालयातील त्याच राउल कार्लेसो व त्यांच्या सहकाऱ्याची. १९९४चा विश्वचषक जिंकणारा गोलरक्षक क्लाउदियो टाफारेल पुढे राष्ट्रीय संघाच्या गोलरक्षकांचा प्रशिक्षक झाला, आणि आलिसन त्याच्या हाताखाली घडला. बार्बोसा गेला तो ७ एप्रिल २००० रोजी, त्या वर्षीच्या गोलरक्षक दिनाला एकोणीस दिवस उरले असताना.