नेम आणि बैठक



हसनाबादेत तोफाबंदुकांवर बोलायला कामगार चळवळीतला माणूस कशाला, असे कुणी विचारील. आमचे उत्तर साधे आहे. शाळा अर्धवट टाकून आम्ही लेथवर उभे राहिलो, तेव्हा पहिला धडा मिळाला तो हा : हत्यार कितीही धारदार असो, ते घट्ट बांधलेले नसेल तर माप चुकते. नेमबाजीचे तसेच आहे.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी तोंडाकडून गजाने ठासतात. नेम धरायला नळीवर मागे दिदवान आणि पुढे माशी असते. ही दोन्ही नळीशी एकजीव हवीत, कारण प्रत्येक बाराचा हिसका त्यांना बसतो. पुढे याच बंदुकीवर दुर्बीण आली. अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दक्षिणेच्या काही नेमबाजांकडे व्हिटवर्थच्या ठासणीच्या रायफली होत्या आणि त्यांच्या डाव्या अंगाला दुर्बीण बसवलेली असे. ही योजना डेव्हिडसनची. तो पूर्वी मुंबईच्या फौजेत अधिकारी होता. काच कितीही स्वच्छ असली, तरी तिची बैठक केसभर सरकली की दूरच्या निशाणावर गोळी हातभर बाजूला जाते.

तोफेलाही हाच न्याय लागू आहे. तिची बैठक म्हणजे तिचा गाडा, आणि तोंड वरखाली करून नेम कायम राखणारे मळसूत्र. या कामात आपले कारागीर मागे होते काय? ११ सप्टेंबर १८०३ रोजी दिल्लीजवळ शिंद्यांच्या तोफा जनरल लेकच्या हाती लागल्या. इंग्रजांनीच नोंदवून ठेवले आहे, की त्यांतल्या काहींवर मथुरेचा, काहींवर उज्जैनचा छाप होता, घडण कंपनीच्या तोफांच्या तोडीची होती आणि मळसूत्रे फ्रेंचांच्या ताज्या सुधारणेप्रमाणे होती. आराखडा युरोपियनाचा असेल. पण भट्टीपुढे घाम गाळणारे हात इथलेच होते.

बाराच दिवसांनी, २३ सप्टेंबरला, आपल्या जिल्ह्यातील असईला, केळणा आणि जुई या नद्यांच्या मधल्या पट्टीत, अशाच तोफा वेलस्लीपुढे उभ्या राहिल्या. त्यांचा नेम असा अचूक, की इंग्रजांचे तोफखान्याचे बैल आणि गोलंदाज पटापट पडले, आणि स्वतःच्या तोफा मागे टाकून वेलस्लीला पायदळ संगिनींनिशी पुढे घालावे लागले. आमचे गोलंदाज तोफेपासून हटले नाहीत. काहीजण मेल्याचे सोंग घेऊन पडले, आणि इंग्रज फळी पुढे जाताच उठून त्यांनी त्याच तोफा तिच्या पाठीवर डागल्या. विजयी सैन्याचे १,५०० हून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. तरीही दिवस हातचा गेला, आणि ९० हून अधिक तोफा शत्रूला मिळाल्या.

मग ढिले काय होते? मळसूत्र ढिले नव्हते. ढिली होती ती वरची बैठक. शिंदे आणि नागपूरकर भोसले हे दोघेही रणांगण लवकर सोडून गेले. प्रत्यक्ष लढाई पोहलमन या पगारी हॅनोवरवाल्याकडे होती. उत्तरेत शिंद्यांचा सरसेनापती पेराँ याच महिन्यात इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. ऑगस्टमध्येच कंपनीने जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतील आपल्या प्रजाजनांना ती सोडण्यास सांगितले होते. ज्यांना सोडून जाता येत होते, ते गेले. गोलंदाजाला जायला दुसरे ठिकाण नव्हते, म्हणून तो तोफेपाशीच मेला.

आम्ही संप पाहिले आहेत, चालवलेही आहेत. गेटावर उभा राहणारा माणूस सहसा हलत नाही. हलतात ते वरचे, आणि त्यांत कधीकाळी आम्हीही होतो, हे कबूल करायला हवे. वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, आणि असईचे नाव इंग्रजी पलटणींच्या निशाणांवर चढले. त्या गोलंदाजांचे नाव कोणत्याही निशाणावर नाही. असईच्या शिवारातून जाताना त्यांची आठवण ठेवावी, आणि दुसऱ्याला नेम धरायला सांगण्यापूर्वी त्याने ज्यावर भिस्त ठेवायची, ते आपण किती पक्के आहोत हे तपासून पाहावे.