पत्र्याच्या झाकणाचा गोल्फ

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतांत रेजायना व सस्काटून या दोन शहरांच्या दरम्यान ब्लॅडवर्थ नांवाचें एक लहानसें खेडें आहे. इ. स. १९२६ मध्यें तेथील प्राथमिक शाळेंत शिकणारा रोनाल्ड गिब्सन व त्याचे सोबती यांनीं शाळेच्या आवारांतील रेताड जागा हेरून तेथें चार चार फूट रुंदीचीं वर्तुळें आंखलीं, आणि डब्यांचीं पत्र्याचीं झाकणें दुरून भिरकावून त्या वर्तुळांत पाडण्याचा खेळ सुरू केला. खेळाला नांवही त्यांनींच दिलें: ‘टिन लिड गोल्फ’, म्हणजे पत्र्याच्या झाकणाचा गोल्फ. कांहीं काळ तो बराच नियमितपणें चालला. पुढें मुलें मोठीं होऊन पांगलीं आणि खेळ थांबला. हकीकत एवढीच आहे. डब्याचें झाकण भिरकावल्याबद्दल लहानपणीं बोलणीं खाल्लीं नाहींत असा वाचक आमच्याकडेही विरळाच; पण त्या खोडीला नांव देऊन तिच्यासाठीं मैदान आंखावें, हें आम्हां कोणास सुचलें नव्हतें.

आज ‘डिस्क गोल्फ’ म्हणून जो खेळ अनेक देशांत खेळला जातो त्याचें हें पहिलें ज्ञात रूप होय. साध्या गोल्फांत काठीनें चेंडू टोलवीत भोकांत न्यावयाचा. येथें तबकडी हातानें फेंकीत लोखंडी टोपलींत न्यावयाची. ती जेथें पडेल तेथून पुढली फेंक. अशा नऊ किंवा अठरा टोपल्या सर्वांत कमी फेंकींत जो पुऱ्या करील तो जिंकला. मखमली हिरवळ नको, काठ्यांची पिशवी वाहणारा नोकरही नको. श्रीमंतांच्या खेळाची ही गरिबांच्या मुलांनीं केलेली नक्कल, असें कोणी म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं. मात्र नक्कल मुळाहून सरस ठरल्याचीं उदाहरणें वाङ्मयांतही थोडीं नाहींत.

या खेळाचा इतिहास सांगणारे लोक ब्लॅडवर्थला एक वाक्य देतात आणि लगोलग संयुक्त संस्थानांकडे वळतात. तेथें फ्रेड मॉरिसन यानें १९३७ मध्यें भावी पत्नीसह पॉपकॉर्नच्या डब्याचें झाकण फेंकून पाहिलें. नंतर पांच सेंटांचें केकचें भांडें तो समुद्रकिनाऱ्यावर पंचवीस सेंटांस विकूं लागला. १९४८ मध्यें प्लॅस्टिकची तबकडी निघाली, आणि १९५७ मध्यें सुधारलेल्या तबकडीचे हक्क व्हॅम-ओ कंपनीकडे गेले. हीच फ्रिस्बी. तरुण मंडळी तिनें झाडें, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे यांवर नेम धरूं लागली. १९७४ मध्यें न्यूयॉर्क संस्थानांतील रोचेस्टर येथें जी स्पर्धा भरली तींत बक्षीस म्हणून चक्क नवी मोटारगाडी होती!

त्याच व्हॅम-ओ कंपनींत काम केलेला एड हेड्रिक यास या खेळाचा ‘जनक’ म्हणतात. १९७५ मध्यें कॅलिफोर्नियांतील ओक ग्रोव्ह उद्यानांत त्यानें पहिलें कायमचें मैदान उभारलें. आरंभीं लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली कीं नाहीं, यावर वाद ठरलेलाच! तेव्हां हेड्रिकनें खांबाभोंवतीं सांखळ्या सोडल्या आणि खालीं टोपली बसविली. सांखळ्यांवर आदळलेल्या तबकडीचा वेग त्या गिळून टाकतात व ती अलगद टोपलींत पडते. वाद मिटला, आणि वर कानांना गोड वाटणारा खणखणाटही मिळाला. या योजनेचें पेटंट त्यास १९७७ मध्यें मिळालें.

त्याचें श्रेय कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु ‘जनक’ या शब्दाविषयीं आम्हांस शंका आहे. हेड्रिकनें सांखळीकडून जें काम करून घेतलें, तेंच ब्लॅडवर्थच्या पोरांनीं रेतीकडून करून घेतलें असावें, असा आमचा तर्क आहे. कठीण जमिनीवर पत्र्याचें झाकण घसरत दूर जातें. रेतींत तें रुतून बसतें, आणि आंत कीं बाहेर हें रेघेवरून सर्वांस दिसतें. शिवाय आजच्या टोपलीचा व्यास सव्वादोन फुटांच्या आसपास असतो, तर त्यांचें वर्तुळ चार फुटांचें. नवशिक्यास यश मिळेल इतकें मोठें, आणि फुकट मिळणार नाहीं इतकें लहान. हेड्रिकनें खेळाला जन्म दिला असें न म्हणतां त्यानें खेळाला पत्ता दिला असें आम्ही म्हणूं. वाळूंतली रेघ पहिल्या वाऱ्यापावसाबरोबर गेली. रोवलेला खांब राहिला.

अमेरिकेंत आतां अनेक शाळांच्या आवारांत अशीं मैदानें झालीं आहेत, म्हणजे खेळ फिरून मूळ ठिकाणीं आला आहे. पण तीं आंखणाऱ्यांनीं ब्लॅडवर्थची आठवण ठेवावी. १९८३ पासून धारदार कडेच्या तबकड्या प्रचारांत आल्या. त्या पटाईताच्या हातून फार दूर जातात, पण उजव्या हाताच्या नवशिक्यानें नेहमीच्या पद्धतीनें फेंकली कीं डावीकडे वळून खालीं येतात, आणि लागल्या तर जखम करतात. शाळेस जाड, बोथट कडेची, वजनानें हलकी तबकडीच बरी. अंतर दीडशें-दोनशें फुटांपलीकडे नसावें. फेंकीची दिशा वर्गाच्या खिडक्यांकडे किंवा येण्याजाण्याच्या वाटेकडे नसावी. आवाराच्या कडेनें, झाडांमधून नऊ टोपल्या सहज बसतात. क्रिकेट किंवा फुटबॉल खेळणारांची तसूभर जागा जात नाहीं. संघ निवडतांना ज्याचें नांव नेहमीं शेवटीं पुकारलें जातें, त्या मुलास येथें कोणाच्या निवडीची वाट पाहावी लागत नाहीं.

एका गोष्टीविषयीं मात्र आम्ही आग्रही आहों. पुष्कळ शाळा घडीच्या टोपल्या घेतात. तास संपला कीं त्या कोठडींत जातात. उत्साही शिक्षकाची बदली झाली म्हणजे त्या बाहेर येईनाशा होतात, आणि खेळाची गत ब्लॅडवर्थसारखी होते. त्यापेक्षां जमिनींत सिमेंटनें नळ्या पक्क्या बसवाव्या, त्यांत खांब उभा करून कुलूप लावावें. एका टोपलीस अशा दोन जागा ठेवल्या तर दर सत्रास मैदान बदलतांही येतें, आणि एका बाजूचें गवत तुडवून गेलें असल्यास त्याला पुन्हा वाढावयास अवधि मिळतो.