बियाणे विकून जगलेली कंपनी

आम्ही इंजिनिअर नव्हे, आणि संगणकावर खेळत बसण्याचे आमचे वयही राहिले नाही. परंतु वाटाघाटीला बसण्यापूर्वी मालकाचा ताळेबंद वाचून काढावा, ही सवय युनियनच्या कामात जडली. आणि त्यातूनच धंदा बुडतो कसा व बुडता बुडता तगतो कसा, हे पाहण्याचा नाद लागला. अमेरिकेतील एएमडी या चिप बनविणाऱ्या कंपनीची हकीकत आम्ही त्याच नादापायी वाचली. तिचे भवितव्य काय, हा प्रश्न २००८ पासून २०१६ पर्यंत दरवर्षी विचारला जात असे, आणि उत्तर बहुधा एकच मिळे : फार दिवस नाही.

आधी ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा पेढीवरच्या जाणत्या मुनिमासारखा असतो. गुंतागुंतीचा हिशेब तो झरझर उरकतो. पण पडद्यावरचे लाखो ठिपके सेकंदातून साठ वेळा रंगवायचे, तर एकटा मुनीम काय करणार? तिथे सोपी बेरीज-गुणाकार एकाच वेळी करणारी पोरांची फौजच हवी. ग्राफिक्स कार्डावरील चिप ही ती फौज होय.

एएमडी १९६९ साली कॅलिफोर्नियात निघाली. तिचा धंदा मुनिमांचा, म्हणजे प्रोसेसरांचा. आणि त्या धंद्यात इंटेल हा तिच्याहून कितीतरी मोठा प्रतिस्पर्धी. पोरांच्या फौजेचा धंदा दुसरीकडे चालला होता. हाँगकाँगहून कॅनडात आलेल्या के. वाय. हो आणि त्यांच्या सोबत्यांनी १९८५ साली टोरांटोजवळ एटीआय ही कंपनी काढली. २००२ साली तिच्या ‘रेडिऑन ९७००’ या कार्डाने बलाढ्य एन्व्हिडियाला चांगलेच मागे टाकले. ही एटीआय एएमडीने २००६ साली सुमारे ५.४ अब्ज डॉलरांना विकत घेतली. पदरी तेवढा पैसा नव्हता. त्यासाठी अडीच अब्ज डॉलरांचे कर्ज काढले.

मुहूर्त मात्र वाईट. ज्या जुलैत हा सौदा जाहीर झाला, त्याच जुलैत इंटेलने आपले ‘कोअर २’ प्रोसेसर बाजारात आणले आणि एएमडीचे मुख्य उत्पन्नच घसरू लागले. २००७ साली ३ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा, २००८ साली पुन्हा तितकाच. व्याज कोणासाठी थांबत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मग विक्री सुरू झाली. खरा मर्द तोच, ज्याचा स्वतःचा कारखाना आहे, असे या कंपनीचे संस्थापक जेरी सँडर्स म्हणत असत म्हणून सांगतात. २००९ साली कंपनीने आपले कारखानेच वेगळे काढून अबूधाबीच्या सरकारी भांडवलाच्या हाती दिले. आमच्या मते ही विक्री समजण्यासारखी आहे. नवा चिप-कारखाना उभारणे तिच्या कुवतीबाहेरचेच झाले होते. पण त्याच वर्षाच्या जानेवारीत झालेली दुसरी विक्री आम्हांस अधिक चुटपूट लावते. एटीआयबरोबर हातफोनासाठी लहान ग्राफिक्स चिपा आखणारी एक शाखाही आली होती. ती क्वालकॉमला अवघ्या साडेसहा कोटी डॉलरांत देण्यात आली. आयफोन येऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते! क्वालकॉमच्या फोनचिपांतील ग्राफिक्सचे नाव ‘अ‍ॅड्रेनो’. ‘रेडिऑन’चीच रोमन अक्षरे उलटसुलट करा, ते नाव मिळते. श्रोत्यांपैकी कित्येकांच्या खिशात ते या क्षणी असेल. सावकाराचे देणे भागविण्यासाठी घरातले बियाणे विकावे, तसे हे झाले.

आणि गंमत अशी की, या हलाखीतच त्यांच्या कारागिरांनी उत्तम माल काढला. जून २००८ मध्ये ‘रेडिऑन ४८७०’ २९९ डॉलरांना बाजारात आले. एन्व्हिडियाच्या ६४९ डॉलरांच्या कार्डाची चिप त्याच्या चिपेच्या दुपटीहूनही मोठी, पण कामात अंतर थोडे. एन्व्हिडियाला काही आठवड्यांतच १५० डॉलरांनी भाव उतरवावा लागला. पुढे २०१० साली विक्रीतही एएमडी काही काळ बरोबरीला आली.

मग ती मागे का पडली? स्वस्त माल दिला की बाजार आपला, ही समजूत येथे खोटी ठरली. एन्व्हिडियाने २००७ साली ‘कुडा’ नावाची प्रोग्रॅमिंगची व्यवस्था दिली होती. तिच्यामुळे पोरांच्या फौजेकडून चित्रेच नव्हे, कोणतेही शास्त्रीय गणित करून घेता येऊ लागले. संशोधकांनी आपले काम तिच्यात लिहिले, आणि लिहिलेले काम पुन्हा दुसऱ्या भाषेत कोण लिहितो? २०१२ साली टोरांटो विद्यापीठातील मंडळींनी चित्रे ओळखणारे ‘अ‍ॅलेक्सनेट’ घडविले. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेची सुरुवात पुष्कळजण तेथून मानतात. एटीआयचे जुने घर त्याच शहराच्या वेशीवर; पण कामाला लागली ती एन्व्हिडियाची दोन कार्डे. सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षे माणसे पोसावी लागतात, आणि एएमडी तर माणसे कमी करीत होती.

ते आकडे आम्ही वहीत उतरवून ठेवले आहेत. नोव्हेंबर २०११ : शेकडा १०, म्हणजे सुमारे १,४०० माणसे. ऑक्टोबर २०१२ : शेकडा १५. ऑक्टोबर २०१४ : शेकडा ७. मधल्या २०१३ साली ऑस्टिन येथील कचेरीची वास्तू १६.४ कोटी डॉलरांना विकून कंपनी तिथेच भाडेकरू म्हणून राहिली. जमीन विकून गिरणी सावरू, हे आश्वासन मुंबईच्या कामगारांनीही ऐकलेले आहे. तिथे जमिनी गेल्या, गिरण्या काही सावरल्या नाहीत.

एएमडी मात्र सावरली, आणि ज्या सौद्याने तिला बुडवले त्याच्याच आधाराने. मुनीम आणि फौज एकाच चिपेवर बसविण्याची विद्या तिच्या घरात होती. म्हणून २०१३ साली आलेल्या सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांच्याही खेळयंत्रांची चिप तिच्याकडून गेली. नफा बेताचाच, पण मागणी ठाम. २०१५ साली तिचा शेअर दोन डॉलरांच्या खाली गेला, तरी या मागणीने चूल पेटती ठेवली. लिसा सू या इंजिनिअर बाई ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रमुख झाल्या (वर सांगितलेली शेवटची कपात त्यांच्या पहिल्या पंधरवड्यातली) आणि २०१७ च्या ‘रायझन’ प्रोसेसरांनी दिवस पालटले.

ग्राफिक्स कार्डांचा बाजार काही परत आला नाही. २०२५ साली विकल्या गेलेल्या दर दहा कार्डांतील नऊ एन्व्हिडियाचीच होती. कंपनी मात्र श्रीमंत झाली आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, चांगल्या नफ्याच्या वर्षी, तिने पुन्हा शेकडा ४ माणसे कमी केली. सुमारे एक हजार.