कुंडीत फुलणारी शिंदळ माकुडी

खोडात किंवा पानांत पाणी साठवून ठेवणाऱ्या मांसल वनस्पतींना सक्युलंट म्हणतात. आपल्या घरांत दिसणाऱ्या सक्युलंट बहुधा आफ्रिका वा मेक्सिकोतल्या असतात. सह्याद्रीच्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी मात्र अस्सल महाराष्ट्राची. शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती नैसर्गिकरीत्या आढळते.

निकोल डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले. आता अनेक अभ्यासक तिचा समावेश ‘बुसेरोशिया’ या प्रजातीत करतात. ती रुईच्या नात्यातली आहे. तिच्या गटातील बहुतेक वनस्पतींची पाने नाममात्र असतात. हिला मात्र पावसाळ्यात चांगली रुंद, हिरवी पाने येतात.

ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास फांद्यांच्या टोकांकडे पाच पाकळ्यांची, चांदणीच्या आकाराची फुले उमलतात. गडद तांबड्या रंगावर पिवळे ठिपके असलेल्या या फुलांचा व्यास साधारण दोन सेंटिमीटर असतो. त्यांचे परागीभवन माश्या करतात.

लागवड : निरोगी खोडाचा बोटभर तुकडा कापून चार-पाच दिवस सावलीत ठेवावा. काप सुकला, की जाडसर वाळू, विटांचे बारीक तुकडे व थोडी माती यांच्या मिश्रणात तो लावावा. कुंडी उथळ व तळाला भोके असलेली असावी. फांद्या लोंबत वाढत असल्याने टांगती कुंडी अधिक शोभते. सकाळचे कोवळे ऊन मिळणारी पूर्वेची खिडकी उत्तम.

पाणी : वाढीच्या काळात माती पूर्ण सुकल्यावरच पाणी घालावे. हिवाळ्यात पाने पिवळी पडून गळतात व केवळ करड्या कांड्या उरतात. अनेक हौशी लोकांची चूक येथेच होते. झाड वाळले असे समजून ते पाणी वाढवतात आणि खोड कुजते. वस्तुतः ही झाडाची विश्रांती असते. या काळात खोड सुरकुतू लागले, तरच थोडे पाणी द्यावे. पावसाळ्याच्या सुमारास नवी पालवी येते. पांढरा पिठ्या ढेकूण दिसल्यास ओल्या कापसाने पुसून काढावा.

वणवे, चराई आणि दरडी कोसळणे यांमुळे या वनस्पतीचा मूळ अधिवास आधीच संकटात आहे. गडावर फिरताना दिसलेले रोप उपटून आणल्यास कड्यावरचे एक झुडूप कायमचे नाहीसे होते. शिवाय मुळे दुखावलेले ते रोप घरी जगेलच, याची खात्री नसते. याउलट कुंडीतल्या एका झाडापासून वर्षभरात अनेक रोपे सहज होतात. म्हणून रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घ्यावे किंवा परिचितांकडून फांदी मागून आणावी. कड्यावरची शिंदळ माकुडी कड्यावरच फुलू द्यावी.