लग्नाचं टेबल आणि कुंपणावरची फुलं

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त 'अं...' आणि 'म्हणजे काय ना' तेवढं कापलं आहे.

आज विषय लग्नाचा. मानपान, आहेर, वरातीतला डीजे हे सगळं बाजूला ठेवू. आपण बोलणार आहोत टेबलावरच्या फुलांबद्दल. हॉलमधलं गोल टेबल डोळ्यांसमोर आणा. मधोमध काचेचं भांडं, त्यात हिरवा स्पंज, त्यात खोचलेले चार जर्बेरा आणि एक शोभेचं पान. कोणी त्याकडे बघत नाही. आइस्क्रीमच्या वाट्या ठेवायला जागा हवी म्हणून काका ते भांडं उचलून खाली ठेवतात. रात्री सगळं कचऱ्याच्या पिशवीत. आणि डेकोरेटरच्या बिलात मात्र त्याची वेगळी ओळ असते.

म्हणून हल्ली काही जोडपी म्हणतात, आम्ही आमची फुलं घरीच लावणार. घरचे म्हणतात, हे काय नवीन खूळ! पण खूळ नवीन नाहीये. उलट, फुलं विकत आणणं हेच नवीन आहे. आपल्याकडे जेवण पंगतीत व्हायचं. पानाभोवती रांगोळी, जवळ उदबत्ती, झालं. टेबल आलं ते साहेबाबरोबर, आणि टेबलावरची फुलंही त्याच्याच मागून आली. त्यामुळे गोष्ट इंग्लंडमध्ये सुरू होते.

तिथे जुन्या काळी बड्या घरची मेजवानी 'फ्रेंच पद्धती'ने व्हायची. म्हणजे सगळे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे. भाजलेलं मांस, मासे, पाय, जेली, सगळं समोर. फुलाला जागा कुठली? मग 19व्या शतकात 'रशियन पद्धत' आली. पॅरिसमधल्या रशियन राजदूताने, अलेक्झांडर कुराकिनने, 1810 च्या सुमारास ती तिथे नेली असं सांगतात. यात ताटं एकामागून एक येतात आणि नोकर बाजूने वाढत जातो. एका अर्थाने आपले पंगतीतले वाढपीच, फक्त पांढरे हातमोजे घातलेले. ही पद्धत इंग्लंडमध्ये रुळली आणि एक मजेशीर अडचण झाली. टेबल मधोमध रिकामं! एवढ्या मोठ्या रिकाम्या टेबलाचं करायचं काय? तिथे फुलं आली.

1861 मध्ये लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने चक्क टेबल सजावटीची स्पर्धा ठेवली. पहिलं बक्षीस मिळालं टी. सी. मार्च या गृहस्थांना. हे राजवाड्याच्या दरबारी कचेरीत नोकरीला होते. त्यांची कल्पना अगदी साधी होती. खाली एक पसरट काचेची थाळी, मधून काचेची बारीक दांडी, वर दुसरी थाळी. फुलं आणि फळं या दोन्ही थाळ्यांत, आणि मधला भाग मोकळा. म्हणजे समोर बसलेल्याचा चेहरा दिसतो! 'मार्च स्टँड' या नावाने ही वस्तू दुकानांत विकली जाऊ लागली. आजही डेकोरेटर सांगतात की सेंटरपीस एकतर हनुवटीच्या खाली असावा नाहीतर डोक्याच्या वर. ते ज्ञान तेव्हाचं आहे.

आता ही फुलं यायची कुठून? तर स्वतःच्या बागेतून. पण 'घरची फुलं' म्हणजे तेव्हा गरिबाघरची काटकसर नव्हती. उलट ती श्रीमंतीची खूण होती. 1845 मध्ये ब्रिटनने काचेवरचा कर काढला, काच स्वस्त झाली, आणि जमीनदारांच्या इस्टेटींवर काचघरं उभी राहिली. कोळसा जाळून ती गरम ठेवायची, आणि भर हिवाळ्यात टेबलावर फुलं मांडायची. मालक लंडनला असला तर टोपल्या भरून फुलं रेल्वेने त्याच्या शहरातल्या घरी जायची. पाहुण्यांना न बोलता सांगायचं, आमच्याकडे जमीन आहे, माळी आहेत, कोळसा आहे. फुलं विकत आणावी लागली तर थोडी नामुष्कीच.

राजघराण्याचं उदाहरण बघा. त्याच 1845 मध्ये व्हिक्टोरिया राणी जर्मनीत गोथाला गेली. तिथे नवऱ्याच्या आजीने तिला फुलांचा एक गुच्छ दिला. त्यात मर्टल नावाच्या झुडपाची डहाळी होती. राणीने ती आइल ऑफ वाइटवरच्या आपल्या ऑस्बोर्न हाउसमध्ये लावली आणि ती रुजली. 1858 मध्ये तिची थोरली मुलगी लग्नाला उभी राहिली, तेव्हा तिच्या गुच्छात मर्टल होतं. तेव्हापासून तिथल्या राजघराण्यातल्या नवऱ्या मर्टलची डहाळी हातात घेतात. आजेसासूने दिलेलं रोपटं आणि त्याची पानं पुढच्या लेकीसुनांच्या लग्नात. आपल्याकडे आजीची नथ जाते, तसंच.

पहिल्या महायुद्धानंतर हा थाट ओसरला. मजुरी वाढली, माळी परवडेनात, काचघरं ओस पडली. मधल्या काळात दुकानदार फुलवाले मोठे झाले. त्यांचा माल ठरलेला, कार्नेशन आणि शतावरीचं नाजूक पान, तारेने ताठ बांधलेलं. सगळीकडे तेच. आपल्या जर्बेराची थोरली बहीण समजा.

आणि इथे येते आजच्या भागाची नायिका, कॉन्स्टन्स स्प्राय. जन्म 1886, डर्बी. ही काही जमीनदारीण नव्हती. 1920 च्या दशकात ती पूर्व लंडनमधल्या एका शाळेची मुख्याध्यापिका होती. कारखान्यांत काम करणारी चौदा-पंधरा वर्षांची मुलं-मुली त्या शाळेत यायची. दशक संपता संपता तिने मास्तरकी सोडली आणि फुलांचं दुकान काढलं. वय चाळिशीच्या पुढे! सगळे म्हणाले असतील, हे काय वय झालं का धंदा सुरू करायचं.

तिने केलं काय, तर फुलबाजाराचा नियमच मोडला. कुंपणावर वाढणाऱ्या वेली, गवताचे तुरे, रानबोरांच्या फांद्या, शेवाळलेल्या काटक्या असलं सगळं तिने आणलं. भाजीच्या वाफ्यातल्या केलची, म्हणजे कोबीच्या कुळातल्या भाजीची, कुरळी पानं आणि रुबार्बची पानंही. फुलदाणीच हवी असाही हट्ट नाही. केक भाजायचा पत्रा चालेल, रस्सा वाढायचं भांडं चालेल, सूपच्या भांड्याचं झाकण उलटं करून चालेल. लंडनमधल्या एका अत्तराच्या दुकानाच्या काचेत तिने हॉप्सच्या रानवेली आणि महागडी ऑर्किड एकत्र मांडली. बघायला गर्दी झाली. 1934 मध्ये तिचं 'फ्लॉवर डेकोरेशन' हे पुस्तक आलं.

मला तिच्यातली एक विसंगती आवडते आणि थोडी खटकतेही. सांगायची ती कुंपणावरच्या फुलांचं, आणि गिऱ्हाइकं मात्र लंडनच्या मेफेअरमधली गर्भश्रीमंत. 3 जून 1937 ला फ्रान्समधल्या शातो द कांदे या वाड्यात जे लग्न झालं, त्याची फुलंही तिचीच. नवरा मुलगा होता आठवा एडवर्ड, प्रेमासाठी आदल्या डिसेंबरात इंग्लंडची गादी सोडलेला. नवरी वॉलिस सिम्पसन. राजघराण्यातून लग्नाला कोणी आलं नाही. बाकी इंग्लंड नाक मुरडत असताना ही बाई तिथे पिओनी आणि लिलीचे डोंगर रचत होती. धंद्याच्या दृष्टीने धोकाच होता. पण 1953 मध्ये दुसऱ्या एलिझाबेथच्या राज्याभिषेकाची फुलं सांभाळायला बोलावलं ते पुन्हा तिलाच. (जाता जाता: त्या दिवशी परदेशी पाहुण्यांना जे करी पावडर घातलेलं थंड चिकन वाढलं, ते आज 'कोरोनेशन चिकन' म्हणून ओळखलं जातं. ते तिच्या आणि रोझमेरी ह्यूमच्या स्वयंपाक-शाळेचं. 'करी' या शब्दावर आपण एक अख्खा भाग करू शकतो.)

तिचं खरं काम मात्र सामान्य घरांत झालं, आणि त्याला महायुद्धाने हातभार लावला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये अन्न आधी, फुलं नंतर. काचघरांत टोमॅटो आले. 1942 मध्ये स्प्रायने स्वतः भाजीपाला लावा-शिजवा असं सांगणारं पुस्तक काढलं. एका टप्प्यावर रेल्वेने फुलं पाठवायलाच बंदी आली, तर लोक सुटकेसमध्ये लपवून नेऊ लागले. फुलांचं स्मगलिंग! लग्नाच्या केकवर आयसिंगलाही मनाई होती, त्यामुळे पुठ्ठ्याचा खोटा केक भाड्याने आणून साध्या केकवर टोपीसारखा ठेवायचे. अशा लग्नात टेबलावर काय असणार? शेजारणीच्या अंगणातलं, मावशीच्या कुंडीतलं. एकेकाळी जमीनदाराची मिरवायची गोष्ट असलेली घरची फुलं आता ज्याच्या दारात चार झुडपं त्याची झाली.

आता तो हिरवा स्पंज. तो 1954 मध्ये अमेरिकेत ओहायोच्या व्हर्नन स्मिदर्सने बाजारात आणला. पाणी शोषतो, खोचलं की फूल हलत नाही, म्हणून डेकोरेटरना प्रिय. पण तो प्लास्टिकच आहे. कुस्करला की त्याचे बारीक कण होतात आणि ते कुजत नाहीत. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने, त्याच 1861 च्या स्पर्धावाल्यांनी, 2021 पासून आपल्या प्रदर्शनांत त्यावर बंदी घातली. मग फुलं उभी कशी राहणार? स्प्राय वापरायची ती युक्ती: कोंबड्यांच्या खुराड्याची तारेची जाळी घ्यायची, सैलसर चुरगाळून भांड्यात बसवायची, वर पाणी, आणि भोकांतून देठ. जाळी धुऊन पुढच्या लग्नालाही चालते.

आपल्याकडे हे करायचं असेल तर? झेंडू, निशिगंध, डेलिया, झिनिया, चारही सोपी, आणि चारही मूळची मेक्सिकोकडची. हो, तोरणातला आपला झेंडूसुद्धा! इंग्रजीत त्याला 'आफ्रिकन मॅरीगोल्ड' म्हणतात, ते नाव साफ चुकीचं. झेंडू बी पेरल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत फुलतो, म्हणजे डिसेंबरच्या लग्नासाठी सप्टेंबरच्या शेवटी पेरायला हवा. एकाच दिवशी सगळं पेरू नका. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन-तीन खेपा करा, कारण पाऊस लांबला की हिशेब चुकतो. फुलं आदल्या दिवशी उन्हं चढायच्या आत कापा, पाण्यात बुडेल तेवढ्या देठाची पानं काढा, आणि रात्रभर बादलीत, सावलीत ठेवा. स्टेजचं तोरण आणि हार मात्र फूलबाजारातूनच आणा. घरच्या दहा कुंड्यांत टेबलं सजतील, मांडव नाही.

स्प्रायच्या नावाने एक वाद तिच्या मृत्यूनंतर चव्वेचाळीस वर्षांनी झाला. 2004 मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने तिच्यावर प्रदर्शन भरवलं. अध्यक्ष होते जेम्स डायसन, तेच व्हॅक्यूम क्लीनरवाले. संग्रहालय गंभीर डिझाइन सोडून दिखाऊपणाकडे चाललंय अशी तक्रार करत त्यांनी राजीनामा दिला, आणि वादाच्या मध्यभागी हे फुलांचं प्रदर्शन होतं. मोटार बसवलेलं यंत्र म्हणजे डिझाइन आणि तारेच्या जाळीत उभी राहिलेली केलची पानं म्हणजे बायकी हौस, असं का बरं? मला तरी डायसनसाहेबांचं पटत नाही. तुम्हाला काय वाटतं, कमेंटमध्ये सांगा.

1960 मध्ये स्प्राय गेली. दुसऱ्याच वर्षी डेव्हिड ऑस्टिन या गुलाबवाल्याने आपला पहिला गुलाब बाजारात आणला आणि त्याला तिचं नाव दिलं. मोठं, भरगच्च, गुलाबी फूल. ते वर्षातून एकदाच येतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी काही आठवडे. ते टेबलावर हवं असेल तर मुहूर्त भटजींना नाही, झुडपाला विचारून काढावा लागतो.