जबलपूरमधील मराठी अंमल

गढा-मंडला या गोंड राज्याचा मुलूख सागरच्या मराठी सुभ्याने १७८१ मध्ये खालसा केला. तेव्हापासून डिसेंबर १८१७ पर्यंत, म्हणजे सुमारे ३६ वर्षे, जबलपूर मराठ्यांच्या ताब्यात होते. सुरुवातीला कारभार पेशव्यांच्या वतीने सागरकर पाहत. १७९८ च्या सुमारास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे गेला.

मराठ्यांचा इथला संबंध मात्र त्याहून चार दशके जुना. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी मंडल्यावर स्वारी केली, तीत राजा महाराजशाह मारला गेला. त्याचा मुलगा शिवराजशाह सालीना ४ लाख रुपये चौथाई देण्याच्या कबुलीवर गादीवर बसला. सागरचा सुभा गोविंदपंत बुंदेल्यांच्या घराण्याकडे होता. गोविंदपंत मूळचे कोकणातले खेर, बुंदेलखंडातील कामगिरीमुळे ‘बुंदेले’ झाले. पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या डिसेंबरात ते मारले गेले, तरी सागर घराण्याकडेच राहिले. शेवटचा गोंड राजा नरहरशाह पदच्युत होऊन खुरईच्या किल्ल्यात कैदेत पडला.

गोंड राणी दुर्गावतीच्या काळी या भागातले नाव घेण्याजोगे ठाणे गढा हे होते; जबलपूर त्याच्या शेजारचे गाव. पुढे गोंडांची राजधानी मंडल्याकडे गेली. मराठ्यांनी कचेरीसाठी जबलपूर निवडले आणि नाते उलटले : आज गढा हा जबलपूरचा एक भाग आहे. शहराच्या इतिहासात यापेक्षा मोठा बदल मराठ्यांनी केला नाही.

बाहेरून आलेले थोडे राज्यकर्ते जुन्या समाजाचे काय करतात, याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण म्हणजे १०६६ मध्ये इंग्लंड जिंकणारे नॉर्मन. त्यांनी सरदारवर्ग जवळजवळ सगळा बदलला, गढ्या बांधल्या आणि १०८६ मध्ये गावोगावच्या जमिनीची मोजदाद करवली. जबलपूरकडे आलेले मराठे संख्येने तसेच थोडे होते, पण जमीन बळकावून स्थायिक होणारे सरदार त्यांत फारसे नव्हते. आले ते कमाविसदार, फडणीस, कारकून आणि शिबंदी. डोंगराळ भागातले गोंड जमीनदार बव्हंशी जागेवरच राहिले. बदलले ते दप्तर. ते मोडीत लिहिले जाऊ लागले.

दप्तरातून पैसा काढायचा, ही या अंमलाची खरी धडपड. गावे थोड्या मुदतीच्या मक्त्याने दिली जात. मक्तेदाराला मालकी नसे, त्यामुळे जमिनीची निगा राखण्यातही त्याला रस नसे. १८०३ च्या देवगावच्या तहात भोसल्यांचे कटक आणि वऱ्हाड गेले आणि उरलेल्या मुलखावर वसुलीचा ताण वाढला. पेंढाऱ्यांचा उपद्रव वेगळाच. गंमत अशी, की याच तात्पुरत्या मक्तेदारांना इंग्रजांनी १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजार म्हणून जमिनीचे मालक ठरवले.

शेती न करणाऱ्यांवर ‘पांढरी’ नावाचा कर होता. शेतजमीन ती काळी, वस्तीची जागा ती पांढरी, ही मराठी खेड्यातली जोडी. तिच्यातला एक शब्द कराचे नाव होऊन हिंदी मुलखात गेला. मराठी अंमल संपल्यावरही इंग्रजांनी मध्य प्रांतात हा कर विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत चालू ठेवला.

या कारभाराची काळी बाजू १८१८ च्या कागदांत दिसते. १९ डिसेंबर १८१७ रोजी जनरल हार्डीमनने जबलपूर घेतले. त्यानंतरच्या हंगामी कारभारात विधवा पूर्वीप्रमाणे विकून रक्कम सरकारजमा करावी, असा आदेश आढळतो. ‘पूर्वीप्रमाणे’ हा शब्द जितका मराठ्यांबद्दल सांगतो, तितकाच ती प्रथा निमूट पुढे चालवणाऱ्या इंग्रजांबद्दलही.

भाषेच्या बाबतीत नॉर्मनांशी तुलना लंगडी पडते. इंग्लंडच्या न्यायालयांत फ्रेंचचा वरचष्मा इतका होता, की इंग्रजीत बाजू मांडता यावी म्हणून १३६२ मध्ये कायदा करावा लागला, आणि इंग्रजी फ्रेंच शब्दांनी भरून गेली. जबलपूरच्या बोलीवर मराठीचा तसा ठसा नाही. उलट मागे राहिलेली ‘दक्षिणी’ कुटुंबे घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी असे जगू लागली. दमोह जिल्ह्यातील पथरियात १८७१ मध्ये जन्मलेले माधवराव सप्रे हे या उलट्या प्रवाहाचे ठळक उदाहरण. मराठी घरातला हा माणूस हिंदीच्या आद्य संपादक-कथाकारांपैकी एक ठरला. ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. १९२० मध्ये जबलपुरातून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीतही त्यांचा हात होता, संपादक माखनलाल चतुर्वेदी होते.

गोंड घराण्याची आठवण मात्र पुसली गेली नाही. १८५७ मध्ये त्याच वंशातील शंकरशाह आणि त्यांचा मुलगा रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले.

आजच्या जबलपुरी मराठी समाजाला केवळ सागरकर-भोसल्यांचे वारस मानणे चूक ठरेल. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग इथे जोडला गेला आणि नोकरदारांसाठी शहर खुले झाले. नागपूर आणि जबलपूर १८६१ पासून एकाच प्रांतात होती. १९५६ मध्ये ती वेगळी झाली, तेव्हा नव्या मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूरला आले. नागपुरात उरले मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ.