मोटर बसवलेली सायकल

मोटर बसवलेली सायकल म्हणजे साध्या पायडलच्या सायकलला पेट्रोलचे छोटे इंजिन किंवा विजेची मोटर जोडून तयार केलेले वाहन होय. अशा सायकलचे पायडल कायम राहतात व चालक हवे तेव्हा पायांनी, यंत्राने अथवा दोन्हींच्या साहाय्याने ती चालवू शकतो. मोपेडलाही आरंभी पायडल असत. तथापि मोपेडचा सांगाडा मुळातच इंजिनासाठी घडवलेला असतो, तर मोटर बसवलेल्या सायकलमध्ये माणसाच्या शक्तीसाठी बनवलेल्या सांगाड्यावर नंतर यंत्र चढवले जाते. तिचे बहुतेक गुण आणि बहुतेक धोके या एकाच गोष्टीतून निर्माण होतात. महाराष्ट्रात हौशी कारागीर, अभियांत्रिकी पदविकेचे विद्यार्थी आणि सायकल दुरुस्तीची दुकाने जुन्या सायकलींचे असे रूपांतर करतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली या रेल्वेवर अवलंबून असलेल्या शहरांत घर ते स्थानक हे अंतर कापण्यासाठी ती उपयोगी ठरते.

इतिहास

सायकलला यंत्र जोडण्याची कल्पना सायकलइतकीच जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये मिशो यांच्या सायकलवर पेरो यांचे वाफेचे छोटे यंत्र बसवण्यात आले होते. दुसऱ्या महायुद्धानंतर इंधन महाग व मोटारगाड्या दुर्मीळ असताना या कल्पनेस खरी चालना मिळाली. जपानमध्ये सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये लष्कराच्या बिनतारी संचांसाठी बनवलेली शिल्लक इंजिने सायकलींना जोडून विकली. दोन वर्षांनी होंडा मोटर कंपनीची स्थापना झाली. त्याच सुमारास इटलीत कुच्योलो हे ४८ घन सेंटिमीटरचे सायकल-इंजिन आले, तर फ्रान्समधील वेलोसोलेक्सने पुढच्या चाकावर टेकणाऱ्या रुळाच्या साहाय्याने सायकल चालवली.

महाराष्ट्रात सायकलचे दुकान ही यंत्रविद्येची पहिली शाळा ठरल्याचे ठळक उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे आहे. त्यांनी १८८८ मध्ये बेळगाव येथे सायकलींच्या विक्री-दुरुस्तीचे दुकान काढले व त्यातून पुढे किर्लोस्कर उद्योगसमूह उभा राहिला. मोटर आणि पायडल यांची सांगड सामान्य मराठी कुटुंबापर्यंत पोहोचवली ती लूना या मोपेडने. पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंग या कंपनीने १९७२ मध्ये ५० घन सेंटिमीटरची लूना बाजारात आणली. तिची रचना इटलीच्या पियाज्जो कंपनीच्या चाओ या मोपेडवर आधारलेली होती. पायडल मारून इंजिन सुरू करण्याची व इंधन संपल्यास सायकलप्रमाणे चालवण्याची सोय असल्याने शिक्षक, कारकून आणि छोटे विक्रेते यांच्यात ती लोकप्रिय झाली. लूनाचे उत्पादन थांबल्यानंतर तिची व तत्सम मोपेडची इंजिने भंगारात स्वस्तात मिळू लागली आणि घरगुती रूपांतरांना कच्चा माल मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीन या कंपनीने विजेवर चालणारी ई-लूना सादर केली.

रचनेचे प्रकार

पेट्रोल इंजिनाच्या रूपांतरात सामान्यतः दोन-धावी इंजिन वापरतात. गवत कापण्याच्या यंत्राचे, फवारणी पंपाचे किंवा जुन्या मोपेडचे इंजिन सांगाड्याच्या त्रिकोणात अथवा मागच्या कॅरिअरखाली बसवले जाते. शक्ती चाकापर्यंत नेण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात इंजिनाच्या दांड्यावरील रूळ टायरवर दाबून ठेवतात. हा सर्वांत सोपा मार्ग असला तरी टायर लवकर झिजतो व पावसात रूळ घसरतो. दुसऱ्यात स्वतंत्र चेन व दातेरी चक्र वापरतात. दोन-धावी इंजिनात वंगणासाठी पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. त्याचे प्रमाण इंजिनानुसार साधारण २५ भाग पेट्रोलला १ भाग तेल ते ५० भागांना १ भाग असे असते. तेल कमी पडल्यास दट्ट्या जाम होतो, जास्त झाल्यास धूर वाढतो.

विजेच्या रूपांतरात मोटर, कंट्रोलर, बॅटरी, थ्रॉटल आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे खटके हे मुख्य भाग असतात. मोटर चाकाच्या मध्यभागी हबमध्ये असते किंवा मागच्या चाकाशेजारी बसवून चेनने जोडलेली असते. धूर व आवाज नसल्याने, तसेच घरच्या वीजजोडणीवर बॅटरी भरता येत असल्याने आता विजेचे रूपांतर अधिक पसंत केले जाते.

वेग व पल्ल्याचे गणित

२६ इंची चाकाचा परिघ सुमारे २.०७ मीटर असतो. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना असे चाक मिनिटाला जवळपास २०० फेरे घेते. मोटर मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर चाकापर्यंत येताना फेरे १५ पटींनी कमी करावे लागतात. म्हणून चेनच्या रूपांतरात गिअर असलेली मोटर वापरतात. तिचा बाहेरचा दांडा मिनिटाला ३३० फेरे घेत असेल व ९ दात्यांच्या चक्रावरून १८ दात्यांच्या चक्राला चेन जोडली असेल, तर चाकाला १६५ फेरे मिळतात आणि वेग ताशी सुमारे २०.५ किलोमीटर होतो. मागचे चक्र मोठे केल्यास वेग कमी होतो, परंतु चढावर ओढ वाढते. उड्डाणपूल ओलांडावे लागणाऱ्या शहरांत हा बदल फायद्याचा ठरतो.

बॅटरीचा पल्लाही असाच काढता येतो. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा साठते. पायडलची साथ देत सपाट रस्त्यावर किलोमीटरला १२ वॅट-तास खर्च झाल्यास ३० किलोमीटर पल्ला मिळतो. केवळ थ्रॉटलवर चालवल्यास तो बराच घटतो. २ अँपिअरच्या चार्जरने ही बॅटरी भरण्यास पाच तासांहून थोडा अधिक वेळ लागतो.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील वापर

बोरीबंदर ते ठाणे ही भारतातील पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी रेल्वे कल्याणपर्यंत पोहोचली. या शहरांची वाढ रेल्वेस्थानकांभोवती झाली. लोहमार्गामुळे कल्याण व डोंबिवलीचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग पडले असून एका भागातून दुसऱ्यात जाण्यासाठी उड्डाणपुलांचा वळसा घ्यावा लागतो. स्थानकापासून दूर राहणाऱ्याला रोज रिक्षाची रांग किंवा बसची वाट हे दोनच पर्याय असतात. वाहनतळाची जागाही अपुरी असते. सायकल थोड्या जागेत मावते, पण घामाने भिजून लोकल पकडणे नको वाटते. मोटर बसवलेली सायकल ही अडचण दूर करते. पाव, दूध व वर्तमानपत्रे घरपोच देणाऱ्यांनाही ती सोयीची असते.

ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची औद्योगिक वसाहत व कल्याणशेजारचे उल्हासनगर येथे लेथ, वेल्डिंग आणि सुट्या भागांची कामे करणारे कारागीर आहेत. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी मुंबईचा लॅमिंग्टन रोड व जुन्या वाहनांच्या भागांसाठी कुर्ल्याचा भंगार बाजार लोकलच्या अंतरावर आहेत.

सुरक्षितता

वाहनाची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी १५ किलोमीटरवरून वेग २५ झाला, तर ब्रेकने शोषून घ्यावयाची ऊर्जा पावणेतीन पटींहून अधिक होते; मोटर व बॅटरीचे वजन त्यात भर घालते. जुन्या सायकलचे दांडीचे ब्रेक व ओल्या झालेल्या लोखंडी रिम यांसाठी पुरेसे नसतात. त्यामुळे रूपांतर करताना मोटरच्या आधी ब्रेक, स्पोक व टायर बदलणे इष्ट मानले जाते. हब मोटरचा अक्ष सांगाड्याच्या खाचेत फिरून बाहेर येऊ नये म्हणून त्याला धरून ठेवणारी पोलादी पट्टी लावतात. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना हब, जोडण्या व कंट्रोलर भिजण्याचा संभव असतो.

सर्वांत गंभीर धोका बॅटरीचा आहे. लिथियम-आयन बॅटरीतील प्रत्येक घटाचा दाब, भार व तापमान यांवर लक्ष ठेवणारी नियंत्रणपट्टी नसल्यास, न जुळणारे चार्जर वापरल्यास किंवा वापरलेले घट एकत्र जोडल्यास घट तापून पेट घेऊ शकतात. सप्टेंबर २०२२ मध्ये वसई येथे घरात चार्जिंगला लावलेल्या ई-स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट होऊन सात वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. चाळी व इमारतींत बॅटरी जिन्यात, दाराजवळ अथवा रात्री सर्व झोपलेले असताना चार्जिंगला लावल्यास आग लागताच बाहेर पडण्याचा मार्गच बंद होतो.

कायदेशीर स्थिती

मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) नुसार चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाचे वाहन मोटर वाहनाच्या व्याख्येत येत नाही. लूनासारखे ५० घन सेंटिमीटरचे इंजिन बसवलेली सायकल मात्र या सवलतीत बसत नाही.

विजेच्या सायकलींसाठी केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) लागू होतो. मोटरची तीस मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी वगळता वजन ६० किलोग्रॅमपर्यंत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक या अटी त्यात आहेत. त्यांची पूर्तता झाल्याचे अधिकृत चाचणी संस्थेने प्रमाणित करणे आवश्यक असते. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही अशी एक संस्था आहे. कारखानदार आपल्या प्रारूपासाठी हे प्रमाणपत्र मिळवतो, पण घरी एकच सायकल बांधणाऱ्यास ते मिळवणे व्यवहारात कठीण असते. त्यामुळे शक्ती व वेगाच्या मर्यादा पाळूनही घरगुती सायकल कागदोपत्री सिद्ध करता येत नाही.

मर्यादेबाहेरचे वाहन मोटर वाहन ठरते आणि नोंदणी, अनुज्ञप्ती, विमा व हेल्मेट बंधनकारक होतात. असे वाहन अल्पवयीन मुलाने चालवून गुन्हा घडल्यास कलम १९९ए नुसार पालक किंवा मालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

कल्पकता आणि नियम यांतील हा ताण सायकलपुरता मर्यादित नाही. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातून पायाने किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, पण नियमांत बसत नसल्याने ती आज ना उद्या रस्त्यावरून हटवली जाईल असे सांगून त्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. पुढील महिन्यात हा बदल प्रत्यक्षात आला.

हे सुद्धा पहा

सायकल
मोपेड
विद्युत वाहन
लक्ष्मणराव किर्लोस्कर